यंदाची थंडी: ग्वाल्हेर, डबरा, भिंड, मुरैना (शेत आणि घर, दोन्हींसाठी)

दाणाओळीकर (धागाकर्ता) | २१ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मंडळी, घरच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच संदेश आज चौथ्यांदा आला: 'यंदा ला निना, पन्नास वर्षांतली भीषण थंडी, काळजी घ्या.' (ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं, एल निनो म्हणजे गरम होणं.) पहिल्यांदा आत्याने पाठवला, मग तिच्या जावयाने, मग पुन्हा आत्याने. रजया आम्ही तशाही काढणारच होतो. पण भितरवारजवळ आमची ११ बिघे जमीन बटाईवर आहे. तिथून बटाईदाराचा फोन आला, "बाबूजी, अबकी पालो परेगो का?" (यंदा पाला, म्हणजे पिकावर गोठणारं दव, पडणार का?) त्याला आत्याचा संदेश वाचून दाखवणं काही बरं दिसेना. म्हणून दोन दिवस बसून वाचलं, जुन्या वह्या काढल्या, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतो. चुकलं तर कान धरा.

हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज नोव्हेंबर संपता संपता येतो. रंगीत नकाशे असतात, आणि आपण रंग बघून मोकळे होतो: निळा म्हणजे थंडी, लाल म्हणजे नाही. पण हा नकाशा शक्यतेचा असतो. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा जास्त, असे तीन खण. काहीच माहीत नसलं तर प्रत्येक खणाला ३३ टक्के. आपल्या भागावर 'कमी'साठी ५० टक्के आले तर फासा थोडा निळ्याकडे कलला, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले ५० टक्के दुसऱ्या दोन खणांत आहेतच.

दुसरं म्हणजे तो अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा. पाला मात्र दोन रात्रींत पडतो. नव्वद रात्रींपैकी ८६ मऊ गेल्या आणि चार रात्री पारा २ अंशांवर आला, तर कागदावर हिवाळा 'उबदार' लागेल आणि हरभरा करपलेला असेल.

तिसरी गोष्ट मला स्वतःलाच उशिरा कळली. किमान तापमानाचा नकाशा वेगळा असतो, कमाल तापमानाचा वेगळा. आपल्याकडे 'थंडी' म्हणून ज्याच्या नावाने आपण ओरडतो ते बहुतेक वेळा दिवसाचं असतं. जानेवारी २०२४ आठवतोय? सूर्य दुपारी दोनला जरा डोकावायचा, चारला पुन्हा गुडुप. तेव्हा तर एल निनो होता, म्हणजे व्हॉट्सअॅपच्या हिशेबाने हिवाळा उबदार जायला हवा होता! रात्रीचं तापमान फार खाली गेलंही नव्हतं. पण धुक्याने दिवस चढूच दिला नाही आणि अख्खं लष्कर (आमचा ग्वाल्हेरचा जुना भाग) दिवसभर सिगडीला चिकटून बसलं.

उलट बाजूनेही बघा. २०२० पासून लागोपाठ तीन हिवाळे ला निनाचे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारी २०२३ मध्ये, उत्तरेत कडक शीतलहर आली. आत्याबाईंचा विजय. पण पुढचाच फेब्रुवारी १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ला निना तोच, हिवाळा तोच, आणि चार आठवड्यांत गव्हाच्या शेतात पंखा लावायची पाळी.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या गिर्द भागात (ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात) 'थंडी किती?' हा एक प्रश्न नाहीच. रात्र किती उतरणार, दिवस किती चढणार आणि महावट (हिवाळ्यातला पाऊस) येणार का, असे ते तीन प्रश्न आहेत. उत्तरं तिन्हींची वेगळी, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या विरुद्धही जाऊ शकतं.

आता जाणकारांनी बोलावं. शेतीवाल्यांनी तर बोलावंच.

पुण्याची_लेक | २१ नोव्हेंबर, रात्री ९.४८

काका, माहेर जनकगंजचं असूनही लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर 'पाला पडला' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अंगणातली पानं येतात! इकडे सासूबाईंना सांगितलं, ग्वाल्हेरला पाला पडतो, तर म्हणाल्या, "मग झाडून घ्यायचा."

खरा प्रश्न: भाच्याचं लग्न १८ जानेवारीला आहे. गाडीचं तिकीट काढू की नको?

दाणाओळीकर | २१ नोव्हेंबर, रात्री १०.०२

ताई, तुमच्या सासूबाईंना साष्टांग. पाला म्हणजे पानांवर गोठलेलं दव, मराठीत हिमतुषार म्हणतात म्हणे. तो शब्द मी आयुष्यात बोलताना कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

गाडीचं असं आहे की पुण्याहून येताना झाशीपर्यंत फारशी अडचण येत नाही. परतीची गाडी दिल्लीकडून धुक्यातून येते, ती लटकते. येतानाचं बिनधास्त काढा, जातानाच्या तिकिटाला पुढचा एक दिवस मोकळा ठेवा. २० डिसेंबर ते २० जानेवारी हा धुक्याचा ऐन मोसम.

माळव्यातला | २२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

इंदूरहून राम राम. तुमचं महावट ते आमचा मावठा. गंमत बघा, महाराष्ट्रातले नातेवाईक हिवाळ्यातल्या पावसाला 'अवकाळी' म्हणतात. आमच्याकडे मावठ्याची वाट बघतात, एक सर आली की गव्हाचं एक पाणी वाचतं. ज्याची वाट बघतो तो अवकाळी कसा?

बाकी धुक्याचा त्रास आम्हाला तुमच्याइतका नाही. पठारावर साडेपाचशे मीटरवर आहोत. आमच्या रात्री कोरड्या, स्वच्छ, नि कडक.

चंबळकाठ | २२ नोव्हेंबर, दुपारी १.३०

दाणाओळीकर काका, लेख चांगला, पण शहरातून लिहिलेला आहे हे कळतं. राग मानू नका.

माझी शेती मुरैना-भिंडच्या हद्दीवर, सगळी सरसों, म्हणजे मोहरी. कोटा बॅराजच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्यापर्यंत येतं, शेपटाला आहोत म्हणून उशिरा येतं. ऑक्टोबरात पेरणी झाली, आता पहिलं पाणी. डिसेंबरच्या मध्यापासून फूल, जानेवारीत शेंग. नेमकी शेंगेत दाणा भरताना पाला आला की दाणा पाण्यासारखा होऊन जातो. वरून शेंग हिरवी दिसते, फोडली की आत काही नाही. आठ दिवसांनी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

तीन महिन्यांचा अंदाज मला काय कामाचा? पेरणी झाली, आता ती काय उपटू? मला चार दिवसांचा हवा. तो मिळतो. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला येतो, मेघदूत अॅपवर जिल्हा निवडला की दिसतो (घरात मी तो मराठीत सांगतो, बापूंना हिंदी सल्ला 'सरकारी' वाटतो). त्यात मी तीन ओळी बघतो: किमान किती, आभाळ किती, वारा किती. किमान ४च्या खाली, आभाळ निरभ्र आणि संध्याकाळी वारा पडलेला, हे तिन्ही जुळले की त्या रात्री झोप नाही.

आणि एक राहिलंच. आम्हाला पाल्याइतकाच त्रास ढगांचा. आभाळ आठ दिवस भरून राहिलं, गारवा बेताचा, की माहू चढतो. मावा म्हणा. शेंड्याला असा लपेटतो की फूल दिसत नाही. म्हणजे तुमची 'सौम्य थंडी' शहरात सुखाची, सरसोंला रोग. कडक पण कोरडी थंडी, पाला सोडून, आम्हाला चालते.

ढगवेडा | २२ नोव्हेंबर, रात्री ८.२०

चंबळकाठ, तुमच्या तीन ओळी वर्गात शिकवण्यासारख्या आहेत. मी हाच विषय शिकवतो, म्हणून त्यामागचं थोडं सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आपल्या हिवाळ्याचा कर्ता-करविता म्हणजे पश्चिमी विक्षोभ, ढग-पाऊस आणणारी एक प्रणाली. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानावरून वरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर बसून येतो. येतो तेव्हा आधी ढग आणतो, आणि ढग म्हणजे रात्रीची गोधडी, त्यामुळे किमान तापमान वाढतं. लोक म्हणतात थंडी गेली. विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतो, आभाळ स्वच्छ होतं, मागून वायव्येचा कोरडा गार वारा घुसतो आणि दोन-तीन दिवसांत पारा धपकन खाली. वारा वाहता असेपर्यंत अंगाला झोंबतो, पण पाला धरत नाही. वारा पडला की जमिनीची ऊब सरळ आभाळाकडे निघून जाते, थंड जड हवा खाली साचते, आणि पाला धरतो. म्हणून चंबळकाठ वारा बघतात ते अगदी बरोबर.

हवामान केंद्रातलं तापमान साधारण छातीच्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजतात. तिथे ४ अंश असले तर निरभ्र, निवांत रात्री पिकाच्या पानावर शून्य असू शकतं. '४ अंशाला पाणी कसं गोठेल' असं दरवर्षी कुणीतरी विचारतं, त्याचं उत्तर हे.

आता धुकं. विक्षोभाने पाऊस दिला, जमीन ओली झाली, मग वारा पडला, की धुक्याला सगळं साहित्य तयार. त्यात आपल्याकडे कालवे, भाताची ओली खाचरं, नुकतं पाणी दिलेला गहू. ५० मीटरच्या आत दिसेनासं झालं तर अतिदाट, ५० ते २०० दाट. पंजाबपासून बिहारपर्यंत गंगेच्या मैदानावर ही पांढरी चादर उपग्रहाच्या चित्रात सलग दिसते, आणि ग्वाल्हेर-भिंड तिच्या दक्षिण काठावर येतो. काठावर असल्याने कधी आत, कधी बाहेर. शिवपुरी पठारावर, ती बऱ्याचदा बाहेर. धुक्याची रात्र फार उतरत नाही, पण दिवस चढत नाही. खात्याच्या भाषेत याला 'शीत दिवस' म्हणतात: किमान १० किंवा त्याखाली आणि कमाल सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली. शीतलहर ही वेगळी, ती किमान तापमानावर ठरते. मैदानात किमान ४ अंश किंवा कमी झालं की शीतलहर, २ किंवा कमी झालं की तीव्र. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच मथळा देतात, म्हणून घोळ.

दाणाओळीकर, तुमच्या जानेवारी २०२४च्या उदाहरणात एक भर. त्या महिन्यात जोरदार विक्षोभ आलेच नव्हते. गुलमर्गला बर्फ नव्हतं, आणि आपल्या डोक्यावरचं धुकं विस्कटायला कुणी नव्हतं. काश्मीरचं कोरडं आभाळ आणि लष्करातलं धुकं ही एकाच कारणाची दोन टोकं.

मात्र ला निना अगदीच टाकाऊ नाही. तिकडे प्रशांत महासागर अर्धा अंश थंड झाला की इकडच्या पश्चिमी वाऱ्यांची वाट थोडी बदलते, वायव्य भारतात रात्री थंड जाण्याकडे कल होतो. कल. फाशाचा. तो भितरवारच्या शेतापर्यंत पोचेपर्यंत वाटेत बरंच काही घडतं. तीन महिन्यांच्या अंदाजाचं प्रारूपच मुळात ३८ किलोमीटरच्या चौकटीचं आहे, तुमच्या ११ बिघ्यांना त्यात टिंबसुद्धा मिळत नाही.

तीळगूळ | २२ नोव्हेंबर, रात्री ९.०५

मुरैन्याच्या गजकेला (तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई) २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यात धुक्यावर एक कलम घालायला हवं होतं. कोरड्या थंडीत कुटलेली गजक दाताखाली नुसती विरघळते. आठ दिवस धुकं राहिलं की डब्यातसुद्धा सादळते. आमच्या घरात हिवाळ्याचा दर्जा गजकेवरून ठरतो, बाकी चालू द्या.

आजोबा_जनकगंज | २३ नोव्हेंबर, पहाटे ५.४०

वय ८२. तुमचे नकाशे नव्हते तेव्हाही थंडी यायची. आमच्याकडे कामाला येणारा माळी म्हणायचा, "धन के पन्द्रह, मकर पच्चीस, चिल्ला जाड़ा दिन चालीस." धनु राशीतले शेवटचे पंधरा दिवस आणि मकरेचे पहिले पंचवीस, म्हणजे सुमारे ३१ डिसेंबर ते ८ फेब्रुवारी. ढगवेड्यांनी हे तपासून सांगावं. ग्वाल्हेरच्या मेळ्यात रात्री नऊपर्यंत फिरायचो आम्ही त्या चाळीस दिवसांत. १९०५ पासूनचा मेळा, थंडीने कधी बंद पडला नाही.

ढगवेडा | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

आजोबा, माळीबुवांना शंभरपैकी नव्वद. वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास, पण जमीन आपली ऊब सावकाश गमावते, म्हणून कडाका त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा अलीकडे चिल्ल्यातून निसटायला लागलाय, त्याचे दहा कापले.

मुरारची_सिस्टर | २३ नोव्हेंबर, दुपारी २.५०

सिगडीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. दगडी कोळशाची असो की लाकडी, बंद खोलीत सिगडी ठेवून झोपू नका. दरवर्षी जानेवारीत अशी माणसं आणतात. सिगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, खोकला येत नाही, फक्त झोप लागते. झोपायच्या आधी सिगडी बाहेर, आणि खोलीत असेपर्यंत खिडकी बोटभर उघडी.

आजोबा, एवढ्या पहाटे उठून लिहिताय ते ठीक, पण फिरायला ऊन आल्यावरच जा. फूलबाग कुठे पळून जात नाही.

दाणाओळीकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

चंबळकाठ, शहरातून लिहिलंय हे मान्य. मग मला हे सांगा, पाल्याच्या रात्री धूर करायचा की नाही? बटाईदार म्हणतो करायचा, मुलगा म्हणतो आधीच हवेची लाज गेलीय, त्यात तुम्ही पेंढा पेटवा.

चंबळकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मी वर्षानुवर्षं केला, आता सोडला. मध्यरात्री बांधावर वायव्येच्या बाजूला ओला-सुका कचरा पेटवायचा, धूर शेतावर पसरला पाहिजे. पण वारा पडलेला असतो, धूर सरळ वर जातो आणि आपण खोकत बसतो.

पाणी देणं खात्रीचं. हलकं, शेत तुडुंब नाही. संध्याकाळी दिलं तरी चालतं. दुसरं, गंधकाच्या तेजाबाची फवारणी, १००० लिटर पाण्यात १ लिटर, हेक्टरी. हाताळताना डोकं ठिकाणावर ठेवा: प्लास्टिकचा पंप, हातमोजे, आणि पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही. भीती वाटत असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक बाजारात मिळतं, ते घ्या.

अडचण एकच, पाणी. कालव्याची पाळी आपली नसली आणि रात्री वीज नसली तर सल्ला वाचून झोपायचं. गेल्या खेपेस तिन्ही ओळी जुळल्या होत्या आणि मोटर बंद होती. दोन बिघे गेले.

ढगवेडा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

धुराबद्दल चंबळकाठ बरोबर. धुराची चादर ढगासारखी ऊब अडवत नाही, त्याचे कण फार बारीक. जो थोडा उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेने हवा ढवळली जाते म्हणून. पाण्याचं मात्र पक्कं आहे: ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री खालून वर देत राहते.

माळव्यातला | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

गव्हावर कुणी बोललंच नाही. आमचं खरं भय थंडी नाही, थंडी लवकर जाणं. मार्च २०२२ देशात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च होता, दाणा भरायच्या आधीच गहू पिवळा पडला. मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली ती उगाच नाही. डबऱ्याकडे भातानंतर गहू घेता, म्हणजे पेरणी आमच्यापेक्षा उशिराची. तुम्हाला तर मार्च आणखी जड.

दाणाओळीकर | २४ नोव्हेंबर, रात्री ९.००

हे अगदी बरोबर आहे, आणि आत्याचा संदेश त्यावर एक अक्षर बोलत नाही.

आज बटाईदाराशी बोलणं झालं. ४ बिघे हरभरा, ७ बिघे गहू. भाताची कापणी लांबल्यामुळे गव्हाचे ३ बिघे अजून पेरायचे होते. ठरलं ते असं: उरलेला गहू या आठवड्यात पेरायचाच, डिसेंबर उजाडू द्यायचा नाही. हरशीच्या कालव्याची एक पाळी जानेवारीत हरभऱ्यासाठी राखायची, आणि त्याच्या मुलाच्या फोनवर मेघदूत टाकून घ्यायचं. तो म्हणाला, "तो पालो परेगो कै नईं?" मी म्हटलं, पडेल तेव्हा चार दिवस आधी कळेल. त्याला ते उत्तर विशेष आवडलेलं दिसलं नाही.

पुण्याची_लेक | २४ नोव्हेंबर, रात्री ९.२५

काका, तिकीट काढलं. परतीचं २१ जानेवारीचं, तुमचा मोकळा दिवस धरून. सासूबाईही येतायत, पाला बघायला.

चंबळकाठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

आज पहिलं धुकं. विरळ, अर्ध्या तासात गेलं. सरसोंच्या पानांवर दव एवढं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. कालव्याला पाणी आलंय, आमची पाळी परवा.